घरातला नाताळ : नवी प्रथा कशी रुजते?



गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर आम्ही पाचवीच्या वर्गाला एक गृहपाठ दिला होता. ‘आमच्या घरचा सण’ या विषयावर वहीचे एक पान लिहून आणायचे. वह्या भरून आल्या. कोणी चवथीच्या माटोळीला काय काय बांधतात त्याची यादी दिली होती, कोणी दिवाळीच्या पहाटेचे पाच प्रकारचे पोहे लिहिले होते, एकाने तर नरकासुर बांधताना दादाचा अंगठा कसा कापला तेही लिहिले होते. एका वहीत मात्र वर ‘नाताळ’ असे शीर्षक होते आणि खाली एकच ओळ : ‘आम्ही केक आणतो.’ बाकीचे पान कोरे. आम्ही लाल शाईने ‘अपूर्ण’ असा शेरा दिला आणि पुढची वही उघडली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पालकसभा झाली. सगळे गेल्यावर त्या मुलाच्या आई मागे थांबल्या. वही त्यांच्या हातात होती. त्या रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, “बाई, त्याने खोटे काही लिहिले नाही. आमच्याकडे खरेच एवढेच उरले आहे.” त्यांच्या सासूबाई होत्या तोवर डिसेंबर लागला की घरात दोदोलाची कढई चुलीवर चढत असे. त्या जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यांच्या हातचे काहीच कोणी लिहून ठेवले नव्हते. मुलाचे वडील बोटीवर नोकरीला, नाताळात घरी असतीलच असे नाही. बाईंचे स्वतःचे शिक्षण लहानपणापासून वसतिगृहात झालेले, त्यामुळे माहेराहून आणावे असेही काही नव्हते. मायलेक मध्यरात्रीच्या मिस्सेला जाऊन येत, सकाळी बेकरीचा केक कापत, की झाला नाताळ. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “प्रथा आता नव्याने सुरू करता येते का? की ती जुनीच असावी लागते?”

त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. शिक्षकखोलीत या प्रश्नावर बरीच चर्चा झाली, पुस्तके उघडली गेली. हा पाठ त्या चर्चेतून तयार झाला आहे. वहीवरचा शेरा आम्ही खोडला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

चाकावरच्या मेणबत्त्या

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. तिकडे ‘नाताल’ म्हणजे जन्माचा दिवस. येशूच्या जन्माचा हा सण फार जुना आहे. पण त्या सणाच्या दिवशी घरात जे जे केले जाते त्यातले पुष्कळसे आपण समजतो तितके जुने नाही. प्रत्येक गोष्ट कोणीतरी, कधीतरी, पहिल्यांदा केली. काहींच्या बाबतीत तर आपल्याला माणूस आणि वर्षही ठाऊक आहे.

जर्मनीतील हांबुर्ग शहराजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी १८३३ साली गरीब आणि निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. डिसेंबर आला की मुले रोज विचारत, नाताळ किती दिवसांवर आला? आपल्याकडे चवथीला किती दिवस उरले असे विचारून मुले आईला भंडावून सोडतात, तसेच. १८३९ साली विखर्न यांनी एक जुने गाडीचे चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज संध्याकाळी एक मेणबत्ती जास्त लावायची. पेटायच्या किती राहिल्या ते मोजले की उत्तर मिळे, आणि मोजता मोजता लहान मुलांचा हिशेबही पक्का होई.

नाताळाच्या आधीच्या चार रविवारांपासून हा आगमनकाळ धरतात. त्यामुळे मेणबत्त्यांची संख्या दर वर्षी सारखी नसते. १८३९ साली २५ डिसेंबरला बुधवार होता. तर पहिल्या रविवारपासून २४ डिसेंबरपर्यंत एकूण दिवस किती आणि तांबड्या मेणबत्त्या किती, हे सातवीच्या मुलांनी बोटांवर न मोजता काढून पाहावे. (उत्तर शेवटी दिले आहे. आधी पाहू नये.)

पुढे हे चाक लहान झाले, त्याच्या जागी हिरव्या डहाळ्यांचे कडे आले, मेणबत्त्या चारच राहिल्या आणि ते कडे जगभर गेले. आज अनेक चर्चमध्ये ते दिसते. पाहणाऱ्याला वाटते, हे हजार वर्षांचे असणार. ते १८३९ चे आहे, आणि त्याचे मूळ पोरक्या मुलांच्या एका प्रश्नात आहे.

आमच्या त्या पालक बाईंना आम्ही पहिल्यांदा हीच गोष्ट सांगितली. त्या आश्रमातल्या मुलांकडेही आजीच्या हातचे काही नव्हते.

भूमितीच्या तासातला तारा

दुसरी गोष्ट तर शाळेचीच आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

जर्मनीतच नीस्की नावाचे गाव आहे. तेथे मोरावियन पंथाची मुलांची निवासी शाळा होती. या पंथाचे धर्मप्रचारक दूरदूरच्या देशांत जात आणि त्यांची मुले शाळेच्या वसतिगृहात राहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे भूमिती शिकवताना मुलांकडून कागदाचे अनेक टोकांचे तारे करून घेत. मधली ठोकळ्यासारखी आकृती नीट जमली तरच टोके बसत. आत दिवा ठेवला की तारा उजळे. वर्गातला हा तारा नाताळाच्या आधी टांगण्याची रीत पडली, आणि मुले घरी गेली तसा तारा त्यांच्या घरी गेला. पुढे १८८० च्या सुमारास त्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने असे तारे करून विकायला सुरुवात केली. हर्नहुट गावात ते आजही बनतात.

आठवी-नववीच्या मुलांसाठी त्याचे गणित देतो. मधल्या आकृतीला एकूण २६ बाजू असतात : १८ चौरस आणि ८ समभुज त्रिकोण. एक चौरस टांगण्यासाठी आणि दिवा आत सोडण्यासाठी मोकळा ठेवतात. उरले १७ चौरस आणि ८ त्रिकोण. प्रत्येकावर कागदाचा एक सुळका, म्हणून २५ टोके. चौरसावर चार पाखांचा सुळका बसतो, त्रिकोणावर तीन पाखांचा. एकूण पाखे किती, हे तुम्हीच काढा.

आपल्या गोव्यातला नाताळाचा तारा, ज्याला कोकणीत ‘नखेत्र’ म्हणतात, तो याहून सोपा आणि आपल्या आकाशकंदिलाचा भाऊ शोभेल असा आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांची एक पाच टोकांची चांदणी, अशा दोन चांदण्या बांधाव्यात. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त टोके दोऱ्याने घट्ट बांधावीत. मग आतल्या पाच कोपऱ्यांत दोन चांदण्यांच्या मधोमध पाच आखूड काड्या उभ्या अडकवाव्यात. चांदणी फुगते. त्यावर पतंगाचा कागद खळीने चिकटवावा, एका बाजूला दिव्यापुरती फट ठेवावी. चांदणीच्या प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंश भरतो, पाचांची बेरीज १८०. म्हणजे त्रिकोणाच्या तीन कोनांच्या बेरजेएवढीच. कोनमापक लावून पाहा. कामट्या लहानमोठ्या झाल्या असतील तर एकेक कोन चुकेल. बेरीज मात्र चुकणार नाही, आणि तसे का होते हे गणिताच्या सरांना विचारा.

बाजारात प्लास्टिकचे तारे झगमगत असतात. ते आणू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण विकतचा तारा पाच मिनिटांत टांगून होतो, आणि कामट्यांच्या ताऱ्याला दोन संध्याकाळी लागतात. त्या दोन संध्याकाळी घरातली माणसे एका चटईवर बसतात. मुलाला पुढे आठवतात त्या त्याच.

गोठा आणि नाचणी

इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळाच्या रात्री एका गुहेत गव्हाण मांडली. खरे गवत, खरा बैल, खरे गाढव. येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणजे कसल्या गरिबीत झाला, हे गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. लोक मशाली घेऊन जमले. या घटनेला २०२३ साली ८०० वर्षे झाली. घरोघरी आणि चर्चच्या आवारात जो गोठा मांडतात त्याचे मूळ या रात्रीत सांगतात.

आपल्या गोव्यात हा ‘गोठो’ आला तो इथल्या मातीचा होऊन गेला. वाड्यावरची मुले शाळा सुटल्यावर माती, दगड, माडाची झावळे, भाताचे गवत गोळा करतात. वाड्यावाड्यांत स्पर्धा लागतात. एखाद्या गोठ्यात विहीर असते, एखाद्यात आरशाच्या तुकड्याचे तळे. आणि डोंगरावर हिरवळ हवी म्हणून काही दिवस आधी नाचणी पेरतात. नाताळाच्या दिवशी कोवळी लुसलुशीत पाती वर आलेली असतात.

ही नाचणी पाहिली की आम्हांला नवरात्रातले घट आठवतात. तेथेही मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवस रुजवण वाढताना पाहतो. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, देव वेगळा आहे. पण सणाची वाट पाहण्याची रीत सारखी आहे : मुलाने रोज सकाळी उठून पाणी शिंपडायचे आणि आज किती वाढले ते पाहायचे. विखर्न यांच्या मेणबत्त्यांचे काम आपल्याकडे नाचणी करते, म्हणा ना.

ताट रिकामे परत जात नाही

आता शेजाराविषयी. पोर्तुगालमध्ये ‘कोन्सोआदा’ म्हणजे नाताळाच्या आदल्या रात्रीचे घरातले जेवण. गोव्यात येऊन या शब्दाचा अर्थ बदलला. इथे ‘कोन्सुआद’ म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायचे नाताळाच्या गोडाचे ताट. घरातल्यांनी बसून जेवायचे ते तिकडचे, आणि उंबरठ्याबाहेर पाठवायचे ते इथले. हा बदल कोणी ठरवून केलेला नाही. पण आम्हांला तो फार आवडतो.

त्या ताटात काय असते? दोदोल, बेबिंक, चण्याच्या डाळीचा ‘दोस’, पेरूचा ‘पेराद’, ‘बोलिन्या’, कुलकुल आणि नेवऱ्या. नेवरी तर चवथीलाही होते. गणपतीसमोर तीच, गोठ्यासमोरही तीच. बाहेरून मुरड, आत खोबरे. चवथीला आणि दिवाळीला इकडून ताट जाते, नाताळाला तिकडून येते. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये ही आपल्या आजीची शिकवण. त्यामुळे ताट कधी एका घरात राहत नाही, फिरतच राहते.

काही पालकांनी आम्हांला विचारले होते की, आमच्या घरी नाताळ नाही, मग हा पाठ आमच्या मुलांना कशासाठी? एक कारण पुढच्या भागात येईलच. दुसरे असे की, आलेल्या ताटाचे नाव आपल्या मुलाला ठाऊक असावे. ‘त्यांच्याकडचे काहीतरी गोड’ असे म्हणून डबा बाजूला ठेवण्यात पाहुणचाराचा मान राहत नाही.

मराठी ओव्यांतला जन्म

आमच्या शाळेचे माध्यम मराठी, म्हणून ही गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१९ साली इथेच वारले. चाळीस वर्षांतला मोठा काळ त्यांनी साष्टीत काढला. त्यांनी येशूचे चरित्र मराठी ओव्यांत लिहिले. तेच ‘क्रिस्तपुराण’. १६१६ साली ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या, त्यांचे दोन भाग : ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’. येशूच्या जन्माची कथा दुसऱ्या पुराणात येते. देवनागरीत हा ग्रंथ शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून काढला.

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. साष्टीत धर्मशिक्षणाच्या वर्गात एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आम्ही पूर्वी पुराणे ऐकत होतो, ती आता बंद झाली. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत तसे काही का नाही? त्या काळी गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुन्या पोथ्या बाळगण्यावर बंदी होती. ही जखम आहे आणि ती झाकून हा ग्रंथ वाचू नये असे आमचे मत आहे. पण त्या माणसाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. हातातले जुने गेले, नवे अजून हातात आलेले नाही, आणि संध्याकाळी ऐकायला काही नाही. आपल्या पालक बाईंचा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी साष्टीत विचारला गेला होता तर!

ज्या घरात मराठी वाचता येते आणि नाताळ असतो, त्या घरात २४ डिसेंबरच्या संध्याकाळी मिस्सेला निघण्यापूर्वी जन्मकथेच्या दहा ओव्या मोठ्याने वाचाव्यात. जुनी मराठी आहे, काही शब्द अडतील. ज्ञानेश्वरीतले अडतात तसेच. आजोबांनी एक ओवी, नातवाने एक ओवी, असे केले तर पंधरा मिनिटे पुरतात. यातले दुसरे कारण ज्यांच्या घरी नाताळ नाही त्यांच्यासाठी : हा ग्रंथ मराठी भाषेचाही आहे. मराठी शाळेत शिकणाऱ्या कोणत्याही मुलाने तो एकदा हातात धरावा. मराठी ख्रिस्ती मंडळींनी पुढे ही वाट रुंद केली. रेव्हरंड टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजने लिहिली, ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभले, आणि ते अपुरे राहिल्यावर लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.

त्या घरात काय झाले

हे सारे आम्ही त्या बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी उत्साहाने मोठी यादी केली. तारा, गोठा, नाचणी, सात प्रकारचे गोड, ओव्या, रोजची मेणबत्ती. आम्ही ती यादी परत घेतली आणि म्हटले, यातले एकच निवडा. फार तर दोन. पहिल्या वर्षी सगळे करणारे घर दुसऱ्या वर्षी काहीच करत नाही, हा आमचा शाळेच्या उपक्रमांवरूनचा अनुभव आहे. (विश्वस्त मंडळींना २०१६ सालची आमची सात कलमी हस्तलिखित योजना आठवत असेल.) निवडताना एवढेच पाहावे की त्यात मुलाच्या हाताला खरे काम आहे की नाही. पाहुण्यासारखे बसून बघायचे असेल तर ते मुलाचे होत नाही.

त्यांनी नाचणी आणि कुलकुल निवडले.

नाचणी पहिल्या वर्षी बिघडली. मुलगा प्रेमाने दिवसातून चार वेळा पाणी घालत होता. पाचव्या दिवशी बुरशी आली. दुसऱ्यांदा पेरली ती २५ तारखेला जेमतेम नखाएवढी होती. गोठ्यात तीच ठेवली.

कुलकुलांची गोष्ट वेगळी झाली. कृती कोणाकडेच नव्हती. पुस्तकातली केली ती दगडासारखी कडक झाली. वास बाहेर गेला तशी शेजारच्या काकू परसातून आत आल्या, पीठ हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, “नारळाचा रस घातला नाही ना? तुझी सासू पाण्यात कधी मळत नव्हती.” या काकू हिंदू. पण गेली तीस वर्षे दोघी शेजारणी एकमेकींच्या सणाला मुरड घालायला बसत आलेल्या. चवथीच्या नेवऱ्यांना सासूबाई इकडे, नाताळाच्या कुलकुलांना काकू तिकडे. घरात जे कोणी लिहून ठेवले नव्हते ते शेजारच्या हातात जसेच्या तसे होते. त्यांना दोदोलही येतो. तो कढईत किती वेळ घोटायचा, हे त्या पुढच्या वर्षी दाखवणार आहेत. एका वर्षात एकच, असे त्यांनीच सांगितले, आणि ते आमच्या सल्ल्याशी जुळले याचा आम्हांला आनंद झाला.

वडिलांचा फोन आला तेव्हा बोट कोणत्यातरी बंदरात होती. मुलाने फोनसमोर काट्यावर कुलकुल वळून दाखवले. वडील म्हणाले, आमच्या वेळी काटा नव्हता, नवी कोरी फणी होती. ही माहिती त्या घरात कोणालाच नव्हती. यंदा फणी आणली आहे.

यंदाचा गृहपाठ तोच आहे. त्या मुलाची वही अजून आलेली नाही. नाताळ झाल्यावर लिहीन असे त्याने सांगितले आहे, आणि आम्ही मुदत वाढवून दिली आहे.

करून पाहा

कुलकुलांची काकूंची कृती, त्यांच्या परवानगीने : पाव किलो मैदा, मूठभर बारीक रवा, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, दोन चमचे गरम तूप. नारळाच्या दाट रसात मऊ मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवावे. सुपारीहून लहान गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ कोऱ्या फणीवर चपटी दाबून गुंडाळावी, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात. कडा नीट चिकटवावी, नाहीतर तेलात उलगडते. मंद आचेवर तांबूस तळावे. तळण्याचे काम मोठ्यांनीच करावे. वरून साखरेचा घट्ट पाक घोळवला तर पंधरा दिवस टिकतात, असे काकू म्हणतात. आमच्या शिक्षकखोलीत ते दोन तासही टिकले नाहीत.

मेणबत्त्यांचे उत्तर : १८३९ साली पहिला रविवार १ डिसेंबरला आला. २४ तारखेपर्यंत दिवस २४, त्यांत रविवार चार, म्हणून तांबड्या २०. आता यंदाच्या दिनदर्शिकेवरून तेच गणित करा. पाखांचे उत्तर : १७ चोक ६८ आणि ८ त्रिक २४, मिळून ९२.

नाचणी : १३ डिसेंबरला रात्री मूठभर नाचणी भिजत घाला. १४ ला सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. १५ ला मोड दिसले की पसरट ताटात दोन बोटे माती घालून त्यावर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या. ताटाला तळाशी भोक असावे. पाणी दिवसातून एकदाच, हाताने शिंपडून. पहिले दोन दिवस गोणपाटाने झाकून ठेवा, मग उजेडात आणा. भिजवायला नाचणी घरी नसेल त्यांनी शाळेत सांगावे, पोषण आहाराच्या खोलीत बाईंनी एक डबा बाजूला काढून ठेवला आहे.